गव्हाणीतलं बदक

माझी आई वैजापूरच्या मार्केट यार्डात कांदे निवडायची. सकाळी आठला शेडमध्ये बसायची ती दिवेलागणीला उठायची. मोठा कांदा एकीकडं, गोल्टी म्हणजे बारका कांदा दुसरीकडं, सडका तिसरीकडं. मी तिच्या शेजारी बसून गोल्टी वेचायचे. हाताला, केसांना, वहीला, सगळ्याला कांद्याचा वास. बाप वीटभट्टीवर होता, एका उन्हाळ्यात काविळीनं गेला. सहावीच्या सहामाहीनंतर मी शाळेत गेले नाही. ‘जाऊ नको’ असं मला कोणी म्हणालं नाही. फक्त सकाळी उठून मी शाळेऐवजी शेडकडं चालायला लागले. शाळा अशीच सुटते, तिला कोणी सोडत नाही.

हे मी डोळे पुसायला सांगत नाही. मास्तर आमच्या आयुष्यात कुठून आले ते कळावं, म्हणून सांगते.

मास्तर आईच्या माहेरच्या गावचे, आमच्यासारखेच कॅथलिक. तरुणपणी शहरात गेले, औरंगपुऱ्यात एका उस्तादाकडं बोर्ड रंगवायला शिकले आणि छावणीकडं स्वतःचं दुकान टाकलं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. लग्न केलं नाही. कुठल्या शाळेत एक दिवस शिकवलं नाही, पण दर रविवारी मिस्सा, म्हणजे सकाळची उपासना, झाल्यावर चर्चच्या व्हरांड्यात लहान मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घ्यायचे, म्हणून मास्तर. बाप गेल्याचं वर्ष भरलं तेव्हा ते गावाला आले, प्रार्थना म्हणाले आणि आईला म्हणाले, “चल शहरात. दुकानामागं पत्र्याची खोली हाय. उंदरं हायेत, पन शरीफ हायेत.”

आम्ही गेलो. आईनं दोन घरची भांडी धरली, तिच्याबरोबर मीही. उंदरांबद्दल मास्तर खोटं बोलले होते. बाकी कशाबद्दलही त्यांना आपण खोटं बोलतोय असं कधी वाटलं नाही, आणि त्यातूनच हे सगळं झालं.

मास्तर स्टुलावर अर्धेच बसायचे. उजवी बाजू मोकळी. मला वाटलं मूळव्याध असेल. एकदा मी त्या मोकळ्या बाजूला रंगाचा डबा ठेवला तर ओरडले, “ए पोरी, उचल! त्याच्या मांडीवर ठिवलास की!” ‘तो’ म्हणजे त्यांचा रक्षक दूत. प्रत्येक माणसाच्या उजव्या खांद्याशी एक दूत असतो आणि डाव्या खांद्यावर एक शिंगवाला असतो, दोघं कानात बोलत राहतात, हे मास्तरांचं पक्कं ज्ञान. त्यातला दूत चर्चचा होता. शिंगवाला, त्याची लाल चड्डी आणि हातातला काटा मात्र टीव्हीतून आला होता, पण मास्तरांच्या हिशोबी दोघं एकाच घरचे. वडाप रिक्षात दहा माणसं कोंबलेली असली तरी मास्तर उजवीकडं चार बोटं जागा राखायचे. “चाचा, सरको ना जरा,” असं कोणी म्हटलं की म्हणायचे, “किधर सरकूं मियाँ? इधर आदमी बैठा है.” लोक त्या रिकाम्या जागेकडं बघायचे आणि पुढच्या चौकात उतरून जायचे.

माझ्या पहिल्या पापनिवेदनात, म्हणजे चर्चमध्ये पापं कबूल करताना, मी याच ज्ञानाच्या जोरावर म्हातारे फादर होते त्यांना सांगितलं, “साखर मी चोरली नाय. डाव्यानं चोरली.” फादर जाळीपलीकडं खोकले. मग म्हणाले, “मग डाव्याला सांग, तीन वेळा नमो मरियेची प्रार्थना म्हण. त्याला येत नसेल तर त्याच्या वतीनं तू म्हण.”

सकाळी साडेसहाला मास्तर टीव्हीवर कार्टून लावायचे. हातात कोरा चहा, डोक्याला टोपी असली तर काढलेली. आधी क्रूसाची खूण, मग आवाज मोठा. त्या अर्ध्या तासात गिऱ्हाईक आलं तरी थांबायचं. मिस्सेला उशिरा येणाऱ्याला मास्तर माफ करायचे, कार्टूनमध्ये बोलणाऱ्याला नाही. एखादा प्राणी पळत पळत कड्याच्या पुढं गेला आणि हवेतच चालत राहिला की मास्तर पुढं वाकायचे. “बघ. बघ आता. चालतोय ना? कशावर चालतोय? कशावरच नाय! खाली बघितलं की संपला.” प्राणी खाली बघायचा आणि पडायचा. मास्तर मांडीवर थाप मारायचे. “पेत्र अस्साच बुडाला. येशूकडं बघत होता तवर पाण्यावर चालला. पायाकडं बघितलं, गेला. खाली बघायचं नाय, समजलं का?”

मग तोच प्राणी पडून पापडासारखा चपटा व्हायचा, कडेनं सोलून उठायचा, अंग झटकून पुन्हा धावायला लागायचा.  मास्तर नुसतं माझ्याकडं बघून मान हलवायचे. मेलेला उठतो, यात आता आणखी काय समजावून सांगायचं, असा त्यांचा चेहरा.

मी आज शिकलेली बाई आहे. पुनरुत्थानावर फादर लोकांची प्रवचनं ऐकलीत, चांगली चांगली. पण माझ्या मनात मेलेला माणूस उठतो तो अजूनही आधी चपटा असतो आणि कडेनं सोलून उठतो. याला माझा इलाज नाही.

आता बदकाचं सांगते.

मास्तरांच्या वर्गाला व्हरांडा पुरायचा नाही. गल्लीतली हिंदू-मुसलमान पोरंसुद्धा येऊन मागं उभी राहायची, ती एका गोष्टीसाठी. मास्तर ती दर डिसेंबरात सांगायचे. हेरोद राजा बाळ येशूच्या जिवावर उठलेला. त्याचे आईबाप योसेफ आणि मरिया बाळाला घेऊन मिसरकडं, म्हणजे इजिप्तकडं, पळतायत. वाट माहीत नाही, मागं शिपाई. तेवढ्यात झुडपातून एक लंगडं बदक निघतं, मागं पाच पिल्लं. ते पुढं चालतं, हे मागं. पिल्लं शेपट्या हलवत मागची पावलं पुसत येतात. शिपाई येतात, बघतात तर वाळू सारवल्यासारखी साफ! सेनापती चिडतो, पळत सुटतो, कड्यापुढं जातो, हवेत चालतो... इथं मास्तर थांबायचे. मग अख्खा व्हरांडा ओरडायचा, “खाली बघितलं!” आणि सेनापती धाडकन खाली, पापड.

ही गोष्ट आईनं लहानपणी गावात ऐकली होती, कारण मास्तर तेव्हा दर नाताळाला गावी जाऊन येशूजन्माचा, गव्हाणीचा देखावा मांडायचे. आईच्या गावात आणि आमच्या गल्लीत बाळ येशूच्या गव्हाणीपाशी बैल असतो, गाढव असतं, मेंढ्या असतात आणि बदक असतं. मला तेराव्या वर्षापर्यंत वाटायचं, साऱ्या जगात असतं. रस्ता ओलांडताना आई माझा हात धरून म्हणायची, “बदकावानी पुढं चाल, माय. मी मागं हाय.”

बदक मास्तरांनी स्वतः घडवलं होतं, कागदाच्या लगद्याचं. बोर्डाला मारतात तो पांढरा ऑइलपेंट दिलेला, चोच पिवळी, एक पाय मुद्दाम आखूड. आकाराचा अंदाज चुकला होता. ते गाढवापेक्षा थोडं मोठं होतं. आणि डोक्यामागं सोनेरी रंगाचं गोल कडं, संतांना असतं तसं.

म्हातारे फादर बदकाला हसून सोडून द्यायचे. त्यांची बदली झाली आणि नवे फादर आले. वसईकडचे, तरुण, खूप शिकलेले, माणूस सरळ. ऑक्टोबरात त्यांनी सामानाची खोली साफ करायला काढली. आई झाडत होती, मी कपाटावरून मूर्ती उतरवत होते, मास्तर देखरेख करत होते.

“मास्तर, हे काय आहे?” फादरांनी विचारलं.

“बदक.”

“ते दिसतंय. इथं काय करतंय?”

“मिसरला जायचं हाय ना, फादर.”

फादरांनी सगळी गोष्ट उभ्या उभ्या ऐकून घेतली. सेनापती कड्यावरून पडला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, “मास्तर, हे पवित्र ग्रंथात कुठंही नाही.”

“हाय.”

“नाही हो.”

“फादर, मी डोळ्यांनी बघितलंय.”

आणि त्यांनी ते कुठं बघितलं तेही सांगितलं. मास्तर लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात होते. तिथले गोरे फादर महिन्यातून एकदा दोन कडुलिंबांच्या मधे पांढरी चादर बांधायचे, मशीन लावायचे आणि पडद्यावर चित्रं दाखवायचे. आधी येशूची स्थिर चित्रं, मग पोरं पेंगायला लागली की मधेच हलणारी चित्रं, मग परत येशूची. गोऱ्या फादरांना मराठी बेताचं. सगळ्या चित्रांवर ते एकाच सुरात बोलत राहायचे, “पाहा मुलांनो, कसे चालले, देवाची कृपा.” मरिया-योसेफ निघाले ते चित्र आलं, मग बदक आणि पिल्लं आली, मागं शिकारी आला, मग मिसर आलं.

मी तेरा वर्षांची होते, पण मला तिथंच कळलं. हातात अर्धी पुसलेली मेंढी धरून मी नुसती उभी राहिले. मास्तर सांगून झाले आणि विजयी चेहऱ्यानं म्हणाले, “तुमच्या त्या चार शुभवर्तमान लिहिणाऱ्यांतला एक तरी त्या वाटेवर होता का? नव्हता. ऐकून लिहिलेलं हाय सगळं. मी बघितलंय!”

फादरांनाही कळलं होतं. पण एका म्हाताऱ्या माणसाला तोंडावर ‘तुम्ही पन्नास वर्षं कार्टून शिकवत होतात’ असं कसं सांगणार? त्यांनी सोपी वाट काढली. म्हणाले, “मास्तर, आपण असं करू. मला पान दाखवा. पान दाखवलंत तर बदक राहील आणि वर्गही तुमच्याकडं राहील. नाहीतर नाताळापासून वर्ग कॉन्व्हेंटच्या सिस्टर घेतील.”

“दाखवतो की,” मास्तर म्हणाले आणि बदक काखेत मारून निघाले.

त्यांना ती वाट सोपी वाटली नाही, हे मला दुकानात आल्यावर कळलं. ते अर्ध्या स्टुलावर बसले आणि बराच वेळ ब्रश धूत राहिले, जो आधीच धुतलेला होता. बोर्डांची कामं तेव्हाच आटत चालली होती, सगळे फ्लेक्स छापून घेत. हात कापायला लागला होता. रविवारचा वर्ग गेला तर मास्तरांकडं आठवड्याचे सातही दिवस सारखेच राहिले असते.

मग मला म्हणाले, “तुला वाचता येतं ना?”

“जोडून जोडून.”

“मग लाग कामाला. पुस्तक जाड हाय. बदक शोध.”

तुम्हीच का नाही शोधत, असं मी विचारलं. मास्तरांनी मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, उर्दूत बोर्ड रंगवले होते, पण ते अक्षराचा आकार बघायचे. मराठी त्यांना वाचता यायचं, फक्त ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत ‘क्ष’च्या पोटात अडकलेले असायचे. उर्दू तर त्यांनी आयुष्यभर नुसती बघून काढली, आणि गिऱ्हाइकं खूश होती. त्यात आता मोतीबिंदू.

मी बायबलच्या पहिल्या पानापासून सुरुवात केली. मास्तर म्हणाले होते, मधूनच काढू नको, बदक कुठंही बसलेलं असेल. पहिल्या आठवड्यात दिवसाला एक पान. दुकानाच्या पायरीवर बसून मोठ्यानं वाचायचं, मास्तर रंगवता रंगवता ऐकायचे, आई मागं भाकरी थापता थापता. चुकले की दोघंही बोलायचे नाहीत, कारण दोघांनाही कळायचं नाही. मला स्वतःलाच परत मागं जाऊन दुरुस्त करावं लागायचं. वाचायला मी अशीच शिकले.

जलप्रलयातल्या तारवाची, म्हणजे मोठ्या नावेची, गोष्ट आली. मला वाटलं, आता सापडलं. सगळे प्राणी चढले, पक्षी चढले. बदकाचं नाव नाही.

“कसं असंल?” मास्तर म्हणाले. “पानीच पानी चहूकडं. बदक तारवात कशाला बसंल? भायेर पवलं असंल.”

खाऊ नयेत अशा पक्ष्यांची एक यादी आली. घार, गिधाड, घुबड, बगळा, वटवाघूळ. श्वास रोखून वाचली. बदक नाही. “म्हणजे चांगल्यात हाय,” मास्तर म्हणाले. एका संदेष्ट्याला कावळे भाकरी आणून देतात तिथं मात्र त्यांचा ब्रश थांबला. “कावळा घेतला? आन् बदक नाय?” 

नोव्हेंबरात मी दिवसाला पंचवीस-तीस पानं वाचायला लागले. आता जोडावं लागत नव्हतं. भांडी घासताना आई म्हणायची, “काल त्या राजाचं काय झालं गं पुढं?” आणि मी न बघता सांगायचे. कबुतरं आली, चिमण्या आल्या. राजे आले नि गेले. आणि मिसरची वाट आली तेव्हा मला धक्काच बसला. अख्ख्या प्रवासाला दोन-चार ओळी! योसेफ उठला, बाळाला आणि आईला घेतलं, गेला. व्हरांड्यात पाऊण तास चालणारा प्रवास तिथं एका श्वासात संपला. पुढं पेत्राला रडवणारा कोंबडा आला, बदक नाही.

नाताळाच्या आधीच्या शनिवारी शेवटचं पान संपलं. मास्तर कुठल्याशा शटरवर नंबर काढत होते.

“नाय, मास्तर,” मी म्हणाले.

“नीट बघितलंस?”

“एक ओळ सोडली नाय.”

मला वाटलं ते खचून जातील. त्यांनी आकडा पुरा केला, ब्रश पुसला आणि म्हणाले, “छापायचं राह्यलं.”

“अहो मास्तर—”

“ऐक. मी एका डॉक्टरचा बोर्ड केलेला. मोठा, सहा बाय चार. डिगऱ्या लिहिल्या, टायमिंग लिहिलं, रविवार बंद लिहिलं. नाव ऱ्हाऊन गेलं. सात महिने कुणाच्या ध्यानात आलं नाय, डॉक्टरच्या पन नाय. पेशंट येत होते, बरे होऊन जात होते. बोर्डावर नाव नव्हतं म्हणून आत डॉक्टर नव्हता का?”

मी ग्रंथ मिटून आत ठेवला. 

दुसऱ्या दिवशी मिस्सा झाल्यावर मास्तर इस्त्रीचा सदरा घालून गेले, काखेत जुन्या पेपरात गुंडाळलेलं बदक. मी ग्रंथ घेऊन मागं. आई त्याच्याही मागं. व्हरांड्यात देखावा निम्मा मांडून झाला होता. वाळकं गवत, बैल, गाढव, मेंढ्या, एका कोपऱ्यात तीन राजे. फादर हात पुसत आले.

“सापडलं पान?”

“छापायचं राह्यलंय,” मास्तर म्हणाले.

फादरांनी परत डोळे मिटले. त्यांना वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. “मास्तर, आपलं ठरलं होतं ना,” असं म्हणून त्यांनी बदक घ्यायला हात पुढं केला. मास्तरांनी दिलं नाही. द्यायचं नाही असंही नाही, नुसते उभे राहिले, आणि मी पहिल्यांदाच बघितलं, मास्तर खाली पायांकडं बघत होते.

मला राग आला. कोणाचा ते माहीत नाही. मी म्हणाले, “फादर, बदक नाय. मी सगळं वाचलं. पन मग हा बैल कुठल्या पानावर हाय?”

“काय?”

“बैल. आन् गाढव. जन्माची गोष्ट दोघांनी लिहिलीय, दोन्ही वाचल्या. गव्हाण हाय, मेंढपाळ हायेत. बैल नाय, गाढव नाय. मिसरला जाताना पन गाढव नाय. चालतच गेले असतील.”

आई मागून कुजबुजली, “गप गं, फादर हायेत ते.”

फादर म्हणाले, “अगं, जुन्या करारात एका संदेष्ट्यानं बैल आणि गाढवाचं—”

“वाचलं. बैल धन्याला ओळखतो, असं हाय तिथं. गोठ्याचं नाव नाय, बाळाचं नाव नाय. आन् हे तीन राजे. पुस्तकात राजे म्हटलेलंच नाय, आकडा पन नाय. तीन वस्तू आणल्या म्हणून तीन माणसं का?”

फादरांनी माझ्या हातातला ग्रंथ घेतला, उघडला, पानं चाळली, मिटला. त्यांना काही शोधायचं नव्हतं, ते सगळं त्यांना माहीत होतं. “ती परंपरा आहे,” ते म्हणाले. “शेकडो वर्षांची.”

“मग आमची पन्नास वर्षांची हाय. वाढू द्या की.”

मास्तरांनी पायांवरून नजर उचलली. फादर एक पाऊल पुढं आले. मला वाटलं आता कानाखाली बसते. ते म्हणाले, “कुठल्या शाळेत आहेस तू?”

“कुठल्याच नाय. सहावी सोडली.”

“आणि हे सगळं? हा अख्खा ग्रंथ तुला कोणी वाचायला लावला?”

मी काही बोलायच्या आत मास्तर म्हणाले, “बदकानं.”

फादर हसले. खूप वेळ हसले, चष्मा काढून डोळे पुसले, मग निकाल दिला. बदक राहील, पण गोठ्याच्या बाहेर, मेंढ्यांच्या मागं. डोक्यामागचं कडं खरवडून काढायचं, बदक संत नाही. वर्गाचा पहिला अर्धा तास सिस्टर घेतील, दुसरा अर्धा मास्तर, आणि मास्तरांनी गोष्ट सांगताना ‘ही गोष्ट आहे’ असं आधी म्हणायचं. “आणि हिला,” माझ्याकडं बोट करून, “उद्या ऑफिसात घेऊन या.”

मास्तरांनी सगळ्या अटी मानल्या. कडं तिथंच चाकूनं खरवडलं. नंतर घरी नेऊन चांदीच्या रंगाचं इतकं बारीक काढलं की देखाव्यातला बल्ब लागल्याशिवाय दिसायचं नाही. आणि सिस्टरांचा वर्ग संपला की उभं राहून म्हणायचे, “ही गोष्ट हाय. मी डोळ्यांनी बघितलेली.”

फादरांनी मला वह्या दिल्या, दोन वर्षांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवलं. पहिल्या पेपरला मी बाकावर अर्धीच बसले. सुपरवायझर बाई म्हणाल्या, “नीट बैस, शेजारणीचं बघायला सरकलीस का?” मी म्हणाले, “नाय बाई, सवय हाय.” कोणाला जागा राखली ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर एका बाकावर दोन परीक्षार्थी लागले असते. डावा कानात म्हणत होता, येत नाही तुला, ऊठ. मी पेपरकडं बघत राहिले. खाली बघितलं नाही.

कॉलेजात गेले तेव्हा मास्तरांनी दुकान बंद केलं होतं. शहराचं नाव बदललं त्या सुमारास म्हणाले, “धंदा हयात असता तर आता मजा होती बघ. एकेक बोर्ड दोनदा!” पण तोवर सगळंच फ्लेक्सवर छापलं जात होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं तेही कार्टून नीट दिसावं म्हणून. नव्या कार्टूनांवर मात्र नाराज होते. “पडतच नाय कोनी. मग उठनार कसं?”

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा निकाल घेऊन गेले तेव्हा खाटेवर होते. भिंतीच्या बाजूला चार बोटं जागा सोडून झोपलेले. गुणपत्रिका हातात धरून त्यांनी तिच्यावरची अक्षरं बघितली, वाचली नाहीत. “टाइप चांगला हाय,” म्हणाले. मग विचारलं, “एवढी पुस्तकं वाचलीस. कुठं सापडलं का?”

“नाय, मास्तर.”

“शोधत ऱ्हा.”

त्याच पावसाळ्यात मास्तर गेले. रविवारचा दुसरा अर्धा तास आता मी घेते. बदकाची गोष्ट सांगते, आणि एखाद्या पोरानं विचारलं, बाई, हे कुठल्या पानावर, तर सरळ सांगते, कुठल्याच नाही. आणि बैल? तोही नाही. मग पोरं म्हणतात, आम्ही बघतो. बघा म्हणते. ग्रंथ जाड आहे. या वर्षी तिघी पहिल्या पानापासून लागल्यात.

नाताळात बदक मेंढ्यांच्या मागं असतं. दर वर्षी कोणाचा तरी हात लागून ते थोडं पुढं सरकतं, आणि फादर ते मागं ठेवतात.

बापाकडच्या आणि आईकडच्या, दोन्ही घरांत मिळून मी पहिली पदवीधर आहे. बी.ए., इतिहास. गुणपत्रिका आईनं पत्र्याच्या भिंतीवर लावलीय. तिला वाचता येत नाही, पण माझं नाव कुठल्या ओळीत आहे ते ती बोट ठेवून दाखवते.